चिंचखेड क्रूझ लाईनचं पहिलं जहाज

मित्रांनो, बुलडाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. भूगोलाच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे. तरीही आमच्या चिंचखेडला एक सोडून दोन क्रूझ लाईन आहेत. त्यांच्या ताफ्यातलं सर्वांत पहिलं जहाज म्हणजे मी. मी एक जुनी कढई आहे. गुळाची.

कढई म्हटल्यावर तुमच्या घरातली भजी तळायची कढई डोळ्यांसमोर आणू नका. ती माझी फार लांबची पुतणी लागते. तुमच्या वर्गातली शेवटच्या दोन बाकांवरची सगळी मुलं माझ्या पोटात मांडी घालून बसतील. गुरुजी आले तर त्यांनाही टेकायला काठ आहे.

माझी ही सगळी हकिकत एका बाईची आहे. तिचं नाव तानुबाई. तानुबाईला पाण्याच्या पलीकडे जायचं होतं, म्हणून आमची क्रूझ लाईन सुरू झाली. पुढे ताफा वाढला, इंजिनं आली, भोंगे आले, रंगीत दिवे लागले. आणि तानुबाई मात्र अलीकडेच राहिली. असं कसं झालं ते सांगते. मध्येच हसू आलं तर हसून घ्या. लोखंडाला वाईट वाटत नाही. वाटलं तरी ते चेहऱ्यावर दिसत नाही.

माझा जन्म मेहकरच्या एका लोहाराच्या दारात झाला. पत्रे तापवायचे, ठोकायचे, वाकवायचे, एकमेकांना रिबिटांनी जोडायचे आणि पुन्हा ठोकायचे, असं माझं बालपण गेलं. जन्मताच इतका मार खाल्ल्यामुळे पुढे आयुष्याने ठोकलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. चिंचखेडच्या कडूबाने मला बैलगाडीतून घरी नेलं. दारात त्याची नवी नवरी उभी होती. तिने मला हळदकुंकू लावलं आणि कडूबाकडे बघून विचारलं, "एवढ्या मोठ्या कढईत सैंपाक कोनाचा करू म्हनता?" तीच तानुबाई.

कडूबाचं गुऱ्हाळ होतं. थंडीच्या दिवसांत मला चुलाणावर चढवायचे, उसाचा रस ओतायचे आणि खाली चिपाडांचा जाळ लावायचे. रस उकळला की मळी वर यायची, ती काढली की रस सोन्यासारखा दिसायचा. कडूबा गूळ घोटायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन माझ्या काठाशी उभा राही. पाक तयार झाला की नाही हे तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बघे. गोळी झाली की ओरडे, "उतरवा!" मग माझ्याभोवती गावातली पोरं गोळा व्हायची. काठाला चिकटलेला गूळ खरवडायचा मान त्यांचा. सुलतानपूरच्या बाजारात आमच्या गुळाची ढेप आली की लोक आधी बोट लावून चाखायचे, मग भाव विचारायचे. मला वाटायचं, आपलं आयुष्य असंच गोड जाणार.

मग खालच्या अंगाला धरण झालं. नदी फुगली आणि मागे मागे सरकत आमच्या शिवारात आली. पाणी आलं ते पाहुण्यासारखं, आणि बसलं ते मालकासारखं. उसाचं वावर पाण्याखाली गेलं. ऊस नाही तर गुऱ्हाळ नाही. मला गोठ्यामागे उलटं घातलं आणि माझ्याखाली कोंबड्या राहू लागल्या. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या पोटात रोज सोनं उकळलं, त्या पोटाखाली अंडी उबवली जातात तेव्हा माणूस, म्हणजे कढई, जरा गप्प होते.

कडूबाची थोडी जमीन पाण्याच्या पलीकडे वाचली होती. तिथे तानुबाईचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, भेंडी. समोर दिसायचा, पण जायचं तर पुलावरून वळसा घालून जावं लागे. सकाळी निघावं तर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येई. एके दिवशी तानुबाई कडूबासमोर येऊन उभी राहिली.

"तिकडे वांगे झाडावर पिकून राह्यले, अन् मी इथं तुमच्या मिशा पाहून राह्यली. काई करा."

कडूबाने बिडी विझवली. "पोहता येते का तुले?"

"नाई."

"मंग कढईत बसतं का?"

"तळता का मले?"

कडूबाने कोंबड्या हाकलल्या, मला सरळ केलं आणि गावातल्या चार गड्यांना हाताशी धरून पाण्यात लोटलं. मित्रांनो, लोखंड पाण्यात बुडतं असं मीही ऐकून होते. त्यामुळे लोटताना मला स्वतःलाच थोडी शंका होती. पण मी तरंगले! तानुबाईने तिच्या कमरेला रिकामा तेलाचा डबा बांधला, देवाचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं नाही, आणि आत येऊन बसली. तुम्ही मात्र हे घरी करून बघू नका. तुमच्या आईला कढई पुन्हा घासावी लागेल.

माझा एक स्वभाव सांगायला हवा. मी गोल आहे. मला पुढचं टोक नाही आणि मागचं नाही. एका अंगाने वल्हवलं की मी जागच्या जागी गरगर फिरते. पण कडूबाला त्याची विद्या सापडली होती. तो अगदी पुढे उकिडवा बसे, ते गुळाचं फावडं समोर पाण्यात घाली आणि चुलाणावर गूळ घोटावा तसं पाणी घोटत स्वतःकडे ओढी. मी सरळ जाई. हळू जाई, पण सरळ. तानुबाई वांगी तोडून संध्याकाळी माझ्यातूनच परत आली. चिंचखेड क्रूझ लाईनची पहिली फेरी अशी पार पडली. त्या दिवशी कुणी नारळ फोडला नाही. वांग्याची भाजी मात्र बरी झाली होती म्हणतात.

मग गावच माझ्यात बसू लागलं. ज्यांची शेतं पलीकडे होती ते सगळे. सुगीला कुणी पायलीभर ज्वारी आणून टाकी, कुणी नुसतंच "राम राम" टाकी. कडूबा दोन्ही सारख्याच आनंदाने घेई.

कडूबाला दोन मुलगे. थोरला गजेंद्र, धाकटा ज्ञानेश्वर. घरात त्याला ज्ञाना म्हणत. दोघेही माझ्यात बसून लहानाचे मोठे झाले. पण बापाची विद्या मात्र दोघांनीही घेतली नाही. कडूबा म्हणे, "शिका रे." ते म्हणत, "हाव, उद्या." एक दिवस कडूबाच गेला, आणि मला सरळ चालवायची विद्या त्याच्याबरोबर गेली. उद्याचं असंच असतं, मित्रांनो.

आता ताफ्याच्या वाढीकडे वळू.

दुसरं जहाज गजेंद्रने बांधलं. चार रिकामे पिंप आणि वर बांधलेली घरातली बाज. बसायला जागा नव्हती, आडवं पडूनच जावं लागे. म्हणून गजेंद्र त्याला स्लीपर कोच म्हणे. पुढे वेल्डर गोविंदाने पत्र्याची एक नाव करून दिली आणि तिला विहिरीवरच्या मोटरपंपाचं डिझेल इंजिन बसवलं. ती सुरू झाली की आवाज थेट पंचक्रोशीत जाई, आणि नाव मागून सावकाश जाई. मग ज्ञानाने कुठल्याशा तलावावरची पायडल मारायची हंसबोट जुन्यात आणली. ट्रकमध्ये येताना हंसाची मान मोडली होती. गोविंदाने गोणपाट गुंडाळून ती बसवली, पण जरा आखूड बसली. चोचीला रंग दिल्यावर सगळ्या गावाने एकमताने तिला कोंबडी म्हटलं. लहान मुलांची रांग मात्र कोंबडीपुढेच लागे. पिंप आणि बाज मग सोडून घरी नेली. शेवटी दोघा भावांनी बैलजोडी विकून एक मोठी फायबरची बोट घेतली. वर ताडपत्रीचं छत, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कडेने लुकलुकणारे दिवे. तिच्यावर वाढदिवस होऊ लागले. लग्न ठरलेली मुलंमुली फोटो काढायला येऊ लागली. एकदा पेपरात आमच्या ताफ्याचा फोटो आला. त्यात बोट होती, नाव होती, कोंबडीसुद्धा होती. डाव्या कोपऱ्यात माझा काठ दिसत होता. छापताना तेवढाच कापला गेला.

क्रूझ लाईन हा शब्द ज्ञानाचा. तो काही दिवस मुंबईला कामाला होता आणि तिथे त्याने एक भलंमोठं जहाज पाहिलं होतं. लांबून.

"भाऊ, आता आपली क्रूझ लाईन झाली," तो गजेंद्रला म्हणाला.

"ते काय राह्यते बे?"

"लय जहाजं अन् एकच मालक."

"मालक कोन?"

"आपन दोघं."

घोटाळा त्या व्याख्येतच होता. पण त्या दिवशी दोघेही खुशीत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही.

ज्ञानाचं नवीन लग्न झालं होतं. त्याच्या बायकोचं नाव पुष्पांजली. त्याने मोठा लाकडी बोर्ड रंगवून आणला, 'पुष्पांजली क्रूझ लाईन'. गजेंद्रच्या बायकोचं नाव छाया. छाया काही बोलली नाही. गजेंद्रच्या ताटातली भाजी मात्र आठवडाभर खारट होती. बोलायला तोंडच लागतं असं नाही.

तरीही घर एकच होतं आणि ताफाही एकच होता. तो फुटला पोळ्याच्या दिवशी.

बैल तर विकलेले. पोळ्याला पुजायचं काय? दोघा भावांनी विचार केला की बैल देऊन बोट घेतली, म्हणजे बोट हेच बैल. त्यांनी नाव आणि बोट दोन्ही घासून धुतल्या. बेगड चिकटवली, झुली पांघरल्या, गोंडे बांधले. छायाने तर इंजिनाला पुरणपोळी ओवाळली आणि कुठे भरवावी ते न कळल्याने डिझेलच्या टाकीच्या झाकणावर ठेवली. पाण्यात दोन बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. सगळं गाव काठावर जमलं.

आता तुम्हाला ठाऊकच आहे की तोरणाखालून मानाची जोडी आधी जाते. मग बाकीचे.

"माही नाव पह्यली जाईन," गजेंद्र म्हणाला. "ते मोठी हाय. वयानं."

"मोठी तं माही बोट हाय," ज्ञाना म्हणाला. "मापानं."

"मोठ्या भावाले शिकवतं का?"

"तू मापाले शिकवून राह्यला भाऊ!"

काठावरून कुणीतरी ओरडलं, "कोंबडीले जाऊ द्या ना बे पह्यले!" लोक हसले, आणि तिथेच बिघडलं. एकट्याला हसले असते तर चाललं असतं. दोघांनी एकदम इंजिनं सुरू केली, दोघे एकदम तोरणात घुसले. दोन्ही बांबू आडवे झाले आणि तोरण पाण्यात पडलं. वयाने सर्वांत मोठी कोण होती, हे कुणीही कुणाला विचारलं नाही. मी काठावरच होते. माझ्यावर लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वाटणी झाली. बोट आणि कोंबडी ज्ञानाला, नाव आणि अलीकडचा धक्का गजेंद्रला. ज्ञाना पुष्पांजलीला घेऊन पलीकडे मळ्यात राहायला गेला. गजेंद्रने नवा बोर्ड लावला, 'छाया क्रूझ लाईन, जुनी व खरी'. पुढे त्यानेही कर्ज काढून छत आणि दिव्यांची बोट आणली, आणि अशा रीतीने चिंचखेडला दोन क्रूझ लाईन झाल्या. ज्यांच्या नावाच्या पाट्या एकमेकींवर गुरगुरत होत्या, त्या दोघी जावा रोज दुपारी फोनवर तासभर बोलत. भाज्यांविषयी, दिराविषयी, नवऱ्यांविषयी. भांडणाची खबर त्यांना कुणी दिलीच नसावी.

मला कुणीच मागितलं नाही. मी म्हशीच्या पाण्याला गेले. गोठ्यासमोर मला सरळ ठेवून पाणी भरत आणि म्हैस माझ्यात तोंड घालून विचार करत उभी राही.

आणि तानुबाई? तिचं घर अलीकडे, म्हणून ती गजेंद्रकडे. तिचा मळा पलीकडे, धाकटा मुलगा आणि सूनही पलीकडे. वाटणी झाली त्या दिवशी तिने दोघांना सांगून टाकलं, "मी कोनाच्याच बोटीत बसत नाई. एकाच्या बोटीत बसली का दुसऱ्याच्या पोटात दुखते. अन् दोन्ही पोटं माह्याच पोटातले हायत."

पुलावरून एक रिक्षा जायची. पण ती चालवायचा छायाचा भाऊ कुलदीप, म्हणजे तीही एका पार्टीचीच. तानुबाई तिच्यातही बसेना.

गजेंद्र म्हणे, "माय, बस ना बोटीत. फुकट नेतो." ती म्हणे, "तुह्या बापानं काय तिकीट घेतलं होतं माह्याकडून?" ज्ञाना पलीकडून भोंगा वाजवून तिला बोलवी. ती लुगड्याच्या पदराने डोळ्यांवर सावली करून बघे, पण जागची हलत नसे. रोज सकाळी ती राखेने मला आतून घासायची. घासताना नजर पाण्यापलीकडे. माझ्या पोटात तिचा हात फिरे, आणि मला वाटे, आपल्याला चाकं असती तर बरं झालं असतं. मग आठवे की आपल्याला चाकं लागतच नाहीत.

असेच दिवस गेले, आणि पुष्पांजलीला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं, पण बारसं पलीकडे मळ्यातच ठरलं. आदल्या दिवशी पुष्पांजलीचा छायाला फोन आला. छायाने तो तानुबाईच्या कानाला लावला, म्हणून गोठ्यापर्यंत मलाही ऐकू आला.

"आत्याबाई, तुम्ही आल्याबिगर मी पाळना हालू देत नाई. पोरगी बिननावाची राह्यली तरी चालन."

तानुबाईने फोन परत दिला आणि डिंकाचे लाडू बांधायला बसली.

बारशाच्या सकाळी धक्क्यावर दोन बोटी लागल्या. गजेंद्रने आपल्या बोटीत माईसाठी खुर्चीवर गादी घातली होती. ज्ञाना पलीकडून खास आला होता, त्याच्याही खुर्चीवर गादी होती आणि वर फुगे. दोघांनी गाणी लावली होती. दोन गाणी एकत्र झाल्यामुळे कोणतंच ऐकू येत नव्हतं. पाहुणेमंडळी काठावर, कुणाच्या बोटीत चढावं या काळजीत.

"माय, इकडे," ज्ञाना म्हणाला. "पोरगी माही हाय. मान माहा."

"माय माह्या घरी राह्यते," गजेंद्र म्हणाला. "घरून निघाली तं माह्याच बोटीत बसन."

"म्हणजे दोन वरसं बसली नाई, आज बसन?"

"तुह्यात बसली का मंग?"

तानुबाई लाडवांचं गाठोडं घेऊन दोघांच्या मधून सरळ चालत आली, धक्क्याकडे नाही, गोठ्याकडे. माझ्यापाशी थांबली. म्हशीची मान बाजूला सारली, माझा काठ धरला आणि जोर लावला. पाणी भळकन सांडलं.

"छाया, ते फावडं आन. अन् तेलाचा डबा."

"आत्याबाई, अव्वा! ह्या कढईत?"

"ह्याच कढईत. पह्यल्या वक्ती गेली तवा भी हेच होती." मग ती काठावरच्या गड्यांकडे वळली. "उभे काय राह्यले बे? लोटा."

गड्यांनी एकदा गजेंद्रकडे पाहिलं, एकदा ज्ञानाकडे. मग तानुबाईकडे पाहिलं आणि मला लोटलं. छाया आत चढू लागली तर म्हातारीने तिला थांबवलं. "तू बोटीनं ये. तुह्या नवऱ्याची हाय. मले नवऱ्याची म्हनून एवढीच हाय."

कितीतरी वर्षांनी पाणी माझ्या अंगाला बाहेरून लागलं. मित्रांनो, आतून लागणं वेगळं आणि बाहेरून लागणं वेगळं.

तानुबाई कडूबासारखीच पुढे उकिडवी बसली आणि फावडं पाण्यात घातलं. तिने ते आयुष्यभर पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं. मी फिरले. तिने जोर लावला, मी आणखी फिरले. एकदा तिच्यासमोर मळा येई, एकदा गाव, एकदा मळा, एकदा गाव. वारा सुटला आणि आम्ही दोघी गरगरत जलपर्णीच्या हिरव्या गालिच्यात जाऊन अडकलो. मला लाज वाटली. पण गोल वस्तूला तोंड तरी कुठे लपवता येतं?

मागून दोन्ही क्रूझ लाईन भोंगे वाजवत आल्या. दोन्ही एकदमच जलपर्णीत घुसल्या, दोघांच्याही पंख्यांना दोरखंडासारख्या मुळ्या गुंडाळल्या. इंजिनं खोकली आणि गप्प झाली. दोन्ही गाणीही थांबली. आता चिंचखेडचा संपूर्ण ताफा, जुनी नाव आणि कोंबडी सोडून, एकाच ठिकाणी अडकला होता.

गजेंद्रने उडी टाकली. ज्ञानानेही टाकली. खाली आमचंच जुनं उसाचं वावर होतं, पाणी छातीपर्यंत. दोघे दोन बाजूंनी जलपर्णी तुडवत आले आणि दोन बाजूंनी माझ्यात चढले. समतोल राहिला तो त्यामुळेच.

"माय, फावडं दे," गजेंद्र म्हणाला.

"मले दे," ज्ञाना म्हणाला.

"फावडं तुमच्या बापाचं हाय," तानुबाई म्हणाली आणि ते मांडीवर आडवं घेऊन बसली. "तुमचं काय हाय ते काढा."

दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्याकडे बोर्ड होते. गजेंद्रच्या बोटीतून छायाने 'छाया क्रूझ लाईन'ची पाटी हिसडा मारून उपटली आणि फेकली. बऱ्याच दिवसांपासून उपटायची राहून गेली होती असा तो हिसडा होता. ज्ञानाने हात लांबवून स्वतःच्या बोटीवरची 'पुष्पांजली' काढली. मग एका बाजूने 'छाया'ची पाटी आणि दुसऱ्या बाजूने 'पुष्पांजली'ची पाटी वल्ह्यासारखी पाण्यात उतरली. दोन्ही कंपन्यांच्या पाट्यांचा इतका उपयोग त्याआधी कधीच झाला नव्हता.

दोघे समोरासमोर बसले. माझ्यात दुसरं बसताच येत नाही. गुडघ्याला गुडघा लागत होता. ज्ञानाने पाटी मारली, मी डावीकडे वळले. गजेंद्रने मारली, मी उजवीकडे वळले.

"इकडून ओढ बे!"

"ओढूनच राह्यलो! तू उलटं ओढून राह्यला!"

"माहा डावा तो तुहा उजवा होते, भैताडा."

"पोळ्याले भी तू असाच आडवा आला होता!"

"मी आडवा आलो? तोरन कोनं पाडलं?"

पोळा निघाला तसे दोघांनी हात थांबवले आणि पाट्या वर करून बोलू लागले. कुणी कुणाला आधी 'बे' म्हटलं, बैल विकताना कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, बाप गेला तेव्हा मुंबईहून कोण उशिरा आलं. सगळं निघालं. मी मधल्या मध्ये फिरत होते. मळा, गाव, मळा, गाव. पलीकडच्या काठावर मांडवात बायका उभ्या होत्या आणि पुष्पांजली बाळाला छातीशी धरून पाण्यापर्यंत आली होती.

तानुबाईने फावड्याचा दांडा आधी एकाच्या गुडघ्यावर मारला, मग दुसऱ्याच्या. हलकाच, पण दोघांनाही सारखा.

"भांडा," ती म्हणाली. "मी नोको म्हनत नाई. पन वल्हवत वल्हवत भांडा. मले नातीचं तोंड पाहाचं हाय."

मग ते वल्हवत भांडू लागले. आणि एक गंमत झाली. हातांची लय राखायची तर समोरच्याच्या हाताकडे बघावंच लागतं. समोरच्याच्या हाताकडे बघत फार मोठ्याने भांडता येत नाही. आवाज उतरत गेला. जलपर्णी मागे पडली. कडूबाच्या हातून जात असे तितकी नाही, पण बऱ्यापैकी सरळ मी पलीकडच्या काठाला जाऊन टेकले.

पुष्पांजलीने बाळ तानुबाईच्या हातात दिलं. पायघड्या नव्हत्या, ओवाळायचं ताट घाईत घरातच राहिलं होतं. तानुबाई माझ्यातच बसून राहिली आणि नातीकडे बघत राहिली. बाळाने जांभई दिली. "तोंड आजाचं हाय," म्हातारी म्हणाली. मग दोन्ही मुलांनी तिला दोन बाजूंनी धरून उतरवलं. कुणाच्या बाजूने उतरवायचं यावर ते थोडं भांडले, पण हात सोडले नाहीत. पाळणा दुपारी हलला. पोरीला नाव मिळालं.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर दोन क्रूझ लाईन एक झाल्या. नाही झाल्या. पाट्या पुन्हा आपापल्या जागी लागल्या. खालच्या बाजूला रंग उडालेला आहे, तो कुणीच नव्याने दिलेला नाही. एवढाच बदल झाला की तानुबाईला पलीकडे जायचं असलं की मला पाण्यात लोटतात आणि दोन्ही मालकांना धंदा सोडून माझ्यात येऊन समोरासमोर बसावं लागतं. एकटाच मुलगा आला तर ती बसत नाही, आणि एकट्याने मी सरळ जातही नाही. तेवढा वेळ दोन्ही काठांवरचे प्रवासी थांबतात. कुणी ओरडलं तर दुसरा कुणीतरी त्याला सांगतो, "थांब ना बे. बुढी जाऊन राह्यली."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मला हात नाहीत, दोन कड्या आहेत, म्हणून मी जरा वेगळं सांगते. पावसाळ्याआधी मला आतबाहेर तेलाचा हात फिरवा, रिबिटा ढिल्या झाल्या तर गोविंदाला बोलवा, एवढं पुरे. पण रंग देऊन, हार घालून मला चौकात ठेवू नका. ठेवलेल्या कढईत पावसाचं पाणी साचतं आणि डास होतात. तुमच्या घरात एखादं जुनं माणूस असेल, तर त्यालाही नुसतं नीट पांघरूण घालून ठेवू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला कुठे जायचं आहे?

आणि उत्तर आलं, तर आधी पायात चप्पल घाला. बाकीचं वाटेत बोलता येतं.